ऑस्लो ते बर्गन आगगाडीने, सगळं घर घेऊन

नॉर्वेच्या सहलीची जुळवाजुळव करणाऱ्याला हा बेत कुठे ना कुठे दिसतोच: सकाळी ऑस्लोहून आगगाडीत बसायचं, डोंगरमाथ्यावर म्युरदालला उतरायचं, तिथून दुसऱ्या गाडीने घाट उतरून फ्लोमला यायचं, फ्लोमहून बोटीने गुडवांगन, पुढे बसने व्होस, आणि व्होसहून परत आगगाडीने रात्री बर्गन. 'नॉर्वे इन अ नटशेल' या नावाने याची तिकिटं एकगठ्ठा मिळतात. एका दिवसात पाच वाहनं. तरुण जोडप्याने खुशाल करावं. आमच्याबरोबर सात वर्षांचा मुलगा आणि बाहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की हे एका दिवसात उरकायचं नाही.

तुम्हालाही तेच सांगते. फ्लोमला मुक्काम करा. एक रात्र तरी, जमलं तर दोन. तिकिटं, सामान, खाणं सगळं त्या मुक्कामाभोवती बसवा.

(नकाशावर 'फ्लाम' लिहिल्यासारखं दिसतं, पण डोक्यावर छोटं वर्तुळ असलेल्या 'ए'चा उच्चार तिकडे 'ओ' असा करतात. चुकीचं म्हटलंत तरी स्टेशनवरच्या लोकांना सवय आहे.)

कधी जायचं

आपल्याकडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी या सहलीला छान जुळते. मेचा दुसरा पंधरवडा ते जूनच्या मध्यापर्यंत वरचं बर्फ वितळत असतं, त्यामुळे धबधबे भरून वाहतात. खाली फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, काठी हिरवंगार, हार्डांगरच्या बाजूला मे महिन्यात सफरचंदाच्या झाडांना मोहोर, आणि त्याच दिवशी गाडी वर गेली की खिडकीबाहेर पांढरंशुभ्र पठार. एकाच तिकिटात दोन ऋतू. एप्रिलमध्ये जाऊ नका. वर बर्फ असतं पण खाली अजून सगळं उघडंबोडकं. जुलैत हवा सर्वांत बरी, गर्दीही सर्वांत जास्त.

१७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिन. पारंपरिक पोशाखातली माणसं, लहान मुलांच्या मिरवणुका, बघण्यासारखा सोहळा असतो. मात्र त्या दिवशी दुकानं बंद, हॉटेलं भरलेली आणि महाग. त्या तारखेला ऑस्लोत किंवा बर्गनमध्येच राहा, प्रवास ठेवू नका.

जूनमध्ये बर्गनला सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, आणि नंतरही नीट अंधार पडत नाही. मुलं झोपायचं नाव घेत नाहीत. डोळ्यांवरच्या पट्ट्या घरूनच न्या, हॉटेलच्या पडद्यांवर विसंबू नका.

व्हिसा

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे. म्हणजे व्हिसा शेंगेनचा आणि चलन मात्र क्रोन. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा पटापट भरतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच कामाला लागा. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्यांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. वर व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३० हजार युरोचा हवा. एकाच सहलीत दोन-तीन देश करणार असाल, तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. हे सगळं सोपं आहे, फक्त लवकर सुरू करा.

तिकिटं

मी एकगठ्ठा तिकीट न घेता सुटी सुटी काढली. ऑस्लो–म्युरदाल आणि व्होस–बर्गन या गाड्या 'व्ही' या कंपनीच्या, तिच्या संकेतस्थळावर मिळतात. म्युरदाल–फ्लोम, बोट आणि बस यांची तिकिटंही थेट काढता येतात. 'एन्टूर' हे अॅप उतरवून घ्या. देशातल्या सगळ्या गाड्या, बस आणि बोटींची वेळापत्रकं त्यात एकत्र दिसतात.

लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटं साधारण तीन महिने आधी खुली होतात. सुरुवातीला स्वस्त तिकिटं असतात, ती संपली की भाव चढतो. स्वस्त तिकीट रद्द केलं तर पैसे गेले असंच समजा. म्हणून क्रम असा: आधी फ्लोमची खोली, मग फ्लोमची गाडी आणि बोट, शेवटी मोठी गाडी. फ्लोम लहान आहे, खोल्या मोजक्या. तिथे जागा मिळेल त्या तारखेला बाकीचं बसवायचं.

लांबच्या गाडीत सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही, मोठ्या मुलांना सवलत आहे आणि ६७ वर्षांपुढच्यांना ज्येष्ठांची. ज्येष्ठांच्या तिकिटाला 'होन्नोर' म्हणतात. आपल्याला वाटतं ही सवलत तिथल्याच लोकांना असणार, तसं नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. आसन निवडताना मुलं असतील तर कौटुंबिक डबा घ्या, तिथे खेळायला छोटासा कोपरा असतो. शांत डबा चुकूनही घेऊ नका. तिथे आपल्याकडचं 'हळू बोलणं' सुद्धा लोकांना मोठं वाटतं.

आणखी एक शब्द पाठ करून जा: 'बुस फॉर तोग'. म्हणजे आगगाडीऐवजी बस. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात आणि मधल्या एखाद्या टप्प्यावर गाडी बंद ठेवून बस सोडतात. तिकीट काढण्याआधी आणि निघायच्या आदल्या दिवशी एन्टूरवर बघून घ्यायचं. ज्या टप्प्यासाठी इतका खटाटोप केला नेमका तोच हायवेवरून गेला, असं व्हायला नको.

सामान

दोन मोठ्या बॅगा घरातल्या चार माणसांना पुरतात, तीन झाल्या तर त्रास होतो. हमाल नाहीत. ऑस्लोच्या हॉटेलातून मोठी बॅग थेट बर्गनच्या हॉटेलात पोचवणाऱ्या सेवा आहेत, ज्येष्ठ बरोबर असतील तर तो खर्च जिवाला मानवतो. मग फ्लोमला पाठीवरची पिशवी घेऊन जायचं.

आम्ही ते केलं नाही आणि म्युरदालला चांगलेच घायकुतीला आलो. ऑस्लोला चढताना मोठ्या बॅगा आमच्या आसनामागच्या कप्प्यात जागा नव्हती म्हणून डब्याच्या पार पलीकडच्या दाराशी ठेवल्या. म्युरदालला अर्धी गाडी उतरते. सगळे एकदम उभे राहिले, मधली वाट तुंबली. सासूबाई आणि मुलगा अलीकडच्या दाराने उतरले, हे बॅगांसाठी उलट्या दिशेने माणसं सारत गेले, आणि मी मध्येच, कोणाकडे जावं ते न कळून. बॅगा मिळाल्या, पण म्युरदाल हे असं स्टेशन आहे की तिथे मोटाररस्ता येतच नाही. राहिलेली बॅग टॅक्सी करून आणू, हा पर्याय नाही. तेव्हा म्युरदाल यायच्या बरंच आधीपासून, म्हणजे वाटेतलं फिन्से स्टेशन सोडलं की लगेच, बॅगा ज्या दाराशी असतील त्या दाराशी सगळ्यांनी जाऊन उभं राहायचं.

वरची गाडी

आता खरा प्रवास. ऑस्लो ते म्युरदाल पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. जाताना डावी बाजू बरी: आधी क्रोडेरेन तलाव त्या बाजूला येतो आणि पुढे फिन्सेला हार्डांगर हिमनदीही. खिडकी मिळाली नाही तरी पहिले दोन तास रुसून बसू नका. ड्रामेन, होनेफॉस इथपर्यंत शेतं आणि पाईनची जंगलं, सुंदर पण एकसारखी. हाच वेळ मुलांना खाऊ घालायचा आणि ज्येष्ठांनी डुलकी काढायचा. गाइलो आलं की सगळ्यांना उठवा. तिथून झाडं खुजी होत होत संपतात आणि गाडी पठारावर येते.

फिन्से हे या मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, १२२२ मीटर. महाबळेश्वरपेक्षा शंभरेक मीटर कमीच, असं आमच्या ह्यांनी दारात उभं राहून म्हटलं, आणि समोर मेअखेरीला माणूसभर बर्फ. उंचीने नाही, अक्षांशाने मारलं! इथेही मोटाररस्ता नाही. गाडी थोडा वेळ थांबते. कोणाला स्की खांद्यावर घेऊन उतरायचं असतं. सासूबाईंनी फलाटावर पाऊल ठेवलं, वाकून मूठभर बर्फ उचललं, हुंगलं, आणि "ह्याला फ्रीजचा वास नाही गं" म्हणून परत चढल्या. शिट्टीच्या आत. फोटोच्या नादात लांब जाऊ नका, गाडी कोणासाठी थांबत नाही.

हा मार्ग १९०९ साली पूर्ण झाला. बर्गन ते व्होस हा तुकडा त्याच्या कितीतरी आधी, १८८३ मध्ये सुरू झाला होता; अडलं होतं ते मधल्या डोंगरामुळे. म्युरदालजवळचा ग्रावहाल्स बोगदा सव्वापाच किलोमीटरचा आहे आणि तो त्या काळात कातळ फोडून काढलेला. फिन्सेला हे रूळ टाकणाऱ्या मजुरांचं छोटं संग्रहालय आहे. त्यांच्या सामानाची ने-आण करायला बांधलेला रस्ता, रालारवेगेन, आज सायकलवाल्यांची पंढरी झाला आहे. पण बर्फामुळे तो साधारण जुलैच्या मध्याशिवाय पुरता मोकळा होत नाही. मेमध्ये जाणाऱ्यांनी तो विषय सोडून द्यावा.

फिन्सेनंतर बोगदे आणि बर्फ अडवायची लाकडी छपरं इतकी येतात की फोटो काढायला गेलात तर काळा पडदाच मिळेल. फोन खाली ठेवा.

खालची गाडी

म्युरदाल ८६७ मीटरवर, फ्लोम समुद्रसपाटीला. मधलं अंतर फक्त २० किलोमीटर, त्यात २० बोगदे. उतार सर्वांत तीव्र तिथे १८ मीटरला एक मीटर. आपल्या खंडाळ्याच्या घाटात तो ३७ ला एक आहे आणि तिथे कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे लक्षात घेतलं की या गाडीची करामत कळते. माथेरानची चढण २० ला एक, म्हणजे जवळपास हिच्याच जोडीची. पण माथेरानची झुकझुक दोन फुटी रुळांवरची, ही पूर्ण रुंदीच्या रुळांवरून जाणारी लांबलचक गाडी. २० पैकी १८ बोगदे हातांनी खोदलेले. काम विसाच्या दशकात सुरू झालं आणि गाडी धावली १९४० मध्ये.

कुठल्या बाजूला बसायचं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत: भांडू नका. डोंगराच्या पोटात वळसे घेत गाडी उतरते, त्यामुळे दरी कधी इकडे, कधी तिकडे. समोरासमोरच्या खिडक्या वाटून घ्या आणि बोगद्यात जागा बदला. मुलांना हा खेळच होतो.

वाटेत चोसफॉस धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते आणि सगळे उतरतात. २२५ मीटरचा धबधबा, अगदी फलाटासमोर. उन्हाळ्यात तिथे खडकांवर लाल झग्यातली बाई नाचताना दिसते आणि गाणं ऐकू येतं. ही तिथल्या लोककथेतली 'हुल्द्रा', माणसांना रानात भुलवून नेणारी. मुलगा माझ्या ओढणीमागे लपला. त्याला वाटलं हडळ. तसं फार चुकलं नव्हतं.

इथली खरी सूचना वेगळीच आहे. मेमध्ये धबधब्याचे तुषार पार फलाटावर येतात आणि लाकडी फळ्या निसरड्या होतात. उतरायच्या आधीच रेनकोट अंगात हवा. 'पाच मिनिटांनी काय होतंय' म्हणून माझा मुलगा स्वेटरवर उतरला आणि पुढचा अर्धा तास कुडकुडत बसला. ज्येष्ठांनी पहिल्या दोन ओळीत घुसू नये. दारातूनही तेवढाच दिसतो.

फ्लोमची संध्याकाळ

दुपारी फ्लोमला उतरलात तर तुमची निराशा होईल. धक्क्याला दहा-बारा मजली क्रूझ जहाज लागलेलं, स्वेटरांच्या दुकानांत रांगा, जत्रा. संध्याकाळी जहाज भोंगा देऊन निघतं, शेवटच्या गाड्या जातात आणि मग काही शे वस्तीचं ते गाव स्वतःच्या आकाराचं होतं. पाण्याचा आवाज ऐकू येतो. आम्ही नऊ वाजता लख्ख उजेडात धक्क्यावर डबा उघडून बसलो होतो.

हा फ्योर्ड म्हणजे काय, असं मुलगा विचारत होता. आपल्या कोकणातली खाडी नदीने केलेली, पसरट, भरती-ओहोटीच्या चिखलाची. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला. बर्फाच्या प्रचंड ओझ्याने दरी समुद्राच्या तळापेक्षाही खोल घासली गेली, बर्फ गेलं आणि समुद्र आत आला. फ्लोम ज्या सोग्नेफ्योर्डच्या फाट्यावर आहे तो दोनशे किलोमीटरहून जास्त लांब आणि १३०० मीटर खोल. म्हणून एवढी मोठी जहाजं डोंगराला चिकटून उभी राहू शकतात.

स्टेशनाशेजारी रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, तिकीट नाही. दुसरी रात्र असेल तर बसने स्तेगास्ताइनला जा: फ्योर्डच्या ६५० मीटर वर हवेत झुकलेला सज्जा. टोकाला काच आहे, खाली बघायची ज्याची त्याने हिंमत करावी.

राहायला स्वयंपाकघर असलेली लाकडी झोपडी, तिथल्या भाषेत 'हुत्ते', मिळाली तर उत्तम. चादरी-टॉवेल बऱ्याचदा भाड्यात धरलेले नसतात, आधी विचारून घ्या.

खाण्याचं

बाहेर खाणं आपल्या खिशाला फार जड जातं आणि शाकाहारी माणसाला बटाटे आणि कोशिंबीर यावर भागवावं लागतं. म्हणून घरून नेणार, हे गृहीत आहे. पण युरोपबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या, चीज घरीच ठेवा. चकल्या, चिवडा, मेतकूट, तेलातले धपाटे, भाजलेल्या पिठाची पाकिटं चालतात. वर नाव लिहून ठेवा. नळाचं पाणी सगळीकडे पिण्यासारखं, बाटल्या विकत घेऊ नका. रेमा, किवी, कोओप ही किराण्याची दुकानं. रविवारी बहुतेक बंद, तेव्हा शनिवारीच दही-भाज्या घेऊन ठेवा.

दोन गोष्टी मात्र तिथल्या खाच. एक 'लेफ्से', बटाट्याच्या पिठाची मऊ पातळ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. मुलांना आपली साखर-तूप-पोळीच वाटते. दुसरं 'ब्रुनोस्त', तपकिरी चीज. चीज म्हणतात, पण करतात चीजचं उरलेलं पाणी साय घालून आटवून आटवून, साखर करपून रंग येईपर्यंत. हॉटेलच्या नाश्त्याला सासूबाईंनी कागदासारखा पातळ काप तोंडात टाकला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "अगं, साताऱ्याचा कंदी पेढा मीठ टाकून केलाय यांनी." त्यानंतर रोज दोन काप.

बोट, बस आणि बर्गन

फ्लोम ते गुडवांगन बोट दोन तासांची. आता विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, त्यामुळे इंजिनाचा गडगडाट नाही, पाणी कापल्याचा आवाज तेवढा. शेवटचा टप्पा नॅरोयफ्योर्ड, सर्वांत अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद. २००५ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. पहिला तास आत काचेमागे बसा, अंग गरम ठेवा, आणि बोट या फाट्यात वळली की बाहेर या. उलटं केलंत तर नेमक्या जागी थंडीने आत पळाल. टोपी, हातमोजे जूनमध्येही लागतात. सुती कपड्यांचे दहा थर घालण्यापेक्षा आतून लोकरीचा एक बनियन बरा.

गुडवांगनहून व्होसची बस तासाभराची. बसची वेळ बोटीशी जुळलेली घ्या, कारण तिथे वेळ काढण्यासारखं फार नाही. व्होस ते बर्गन गाडीत मात्र उजवी बाजू धरा, फ्योर्ड त्या बाजूने बराच वेळ सोबत करतो.

बर्गनला पाऊस असणार, हे धरूनच जा. वर्षात दोनशेहून जास्त दिवस तो पडतो. कोकणाइतका कोसळत नाही, पण कोकणासारखा चार महिन्यांत संपतही नाही. वाऱ्यामुळे छत्री उलटी होते; रेनकोटच हवा. ब्रुग्गेनची जुनी लाकडी घरं पावसात जास्त छान दिसतात, आणि फ्लोयेन डोंगरावर जाणारी केबलने ओढलेली गाडी ज्येष्ठांना सोपी. तेवढी ढग वर गेल्यावर पकडा.

परत ऑस्लोला यायचं असेल तर रात्रीची गाडी बघा. दोन बर्थचे झोपायचे कप्पे असतात, एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचतो. आम्ही दोन कप्पे घेतले. वरच्या बर्थला शिडी आहे, तेव्हा तो मुलाला देऊन टाकला; मध्यरात्रीनंतर फिन्से आलं तेव्हा सगळ्या घरात तोच एक जागा होता, आणि बाहेर अजून दिसत होतं.